बेघर व व्यसनाधीन व्यक्तींचे पुनर्वसन

राहते घर, नियमित काम व कुटुंबाचा आधार गमावलेल्या, तसेच मद्य वा अन्य मादक पदार्थांच्या अधीन झालेल्या व्यक्तींना समाजात पुन्हा स्वावलंबी व प्रतिष्ठेचे जीवन जगता यावे, यासाठी शासन, स्वयंसेवी संस्था व स्थानिक समाज यांनी संघटितपणे केलेले कार्य. औषधोपचार हा या कार्याचा आरंभ होय. त्यास निवारा, ओळखीची कागदपत्रे, रोजगार, कुटुंबाशी समेट आणि दीर्घकालीन पाठपुरावा यांची जोड मिळाली, तरच त्यास पुनर्वसन म्हणता येते. मादक पदार्थाचा शरीरावरील ताबा काही दिवसांत अथवा आठवड्यांत सैल होतो. समाजातील गमावलेले स्थान परत मिळण्यास मात्र वर्षे लागतात. त्यामुळे अशा कार्याचे यशापयश बव्हंशी रुग्ण उपचारांनंतर ज्या गावात वा वस्तीत परततो, तेथील परिस्थितीवर अवलंबून राहते. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ऊसतोडणीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतरामुळे ही परतण्याची जागाच वर्षातून दोनदा बदलते. म्हणून प्रस्तुत नोंदीत सर्वसाधारण विवेचनानंतर त्या जिल्ह्याचा स्वतंत्रपणे विचार केला आहे.

व्याप्ती : भारतीय जनगणनेत उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पदपथांवर, पुलांखाली, मोठ्या नळांमध्ये, देवळांच्या आवारात अथवा रेल्वे फलाटांवर राहणाऱ्यांची बेघर म्हणून स्वतंत्र गणना केली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सु. १७.७ लाख व महाराष्ट्रात सु. २.१ लाख व्यक्ती बेघर होत्या. ही गणना एका ठराविक रात्री होत असल्याने सतत जागा बदलणाऱ्या अनेक व्यक्ती तीतून निसटतात. व्यसनाधीनतेच्या व्याप्तीविषयीची देशव्यापी पाहणी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने (नवी दिल्ली) केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सु. १६ कोटी व्यक्ती मद्यपान करीत होत्या. मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांचे प्रमाण २.७ टक्के होते. अशा दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीस कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे आढळले. उपचार उपलब्ध असणे आणि ते गरजू व्यक्तीपर्यंत पोहोचणे यांतील अंतर या आकड्यांवरून स्पष्ट होते.

परस्परसंबंध : बेघरपणा व व्यसनाधीनता यांचा संबंध एकेरी नाही. व्यसनामुळे काम सुटते, कर्ज होते, घरात कलह वाढतो व अखेरीस व्यक्ती घराबाहेर पडते. याउलट दुष्काळ, विस्थापन, मनोविकार, वार्धक्य अथवा कौटुंबिक अत्याचार यांमुळे घर सुटलेली व्यक्ती थंडी, भूक, वेदना व एकाकीपणा विसरण्यासाठी नशेचा आश्रय घेते. तिसरा एक गट मनोरुग्णांचा असतो. वाट चुकून दूरच्या गावी पोहोचलेला मनोरुग्ण रस्त्यावर दिसला, की लोक त्यास ‘दारुडा’ वा ‘वेडा’ ठरवून मोकळे होतात; त्याच्यावर उपचार होऊ शकतात आणि त्याच्या घरी कोणी त्याची वाट पाहत असेल, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

या संदर्भात भटक्या व विमुक्त जमातींचा वेगळा विचार करावा लागतो. पालात राहणे ही या समाजांची परंपरागत जीवनपद्धती असून तिला भिकारीपणा वा उनाडपणा समजणे चुकीचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने त्यांपैकी अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो अधिनियम १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशयाची वृत्ती टिकून राहिली. स्थिर वस्तीसाठी जमीन व जगण्यासाठी अन्य धंदा न मिळाल्याने काही कुटुंबे हातभट्टीच्या व्यवसायाकडे ढकलली गेली. अशा वस्त्यांत केवळ भट्ट्या मोडल्याने प्रश्न सुटत नाही. पर्यायी उपजीविका द्यावी लागते.

पूर्वपरंपरा : निराश्रितांना आश्रय देणे आणि व्यसनापासून परावृत्त करणे या दोन्ही कार्यांना महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. वारकरी पंथात तुळशीची माळ घालणारा मद्यमांस वर्ज्य करतो. हे व्रत तो गावासमक्ष स्वीकारतो आणि पुढे वारी, भजन व सप्ताह यांच्या निमित्ताने त्याच्याभोवती समव्रती मंडळींचा गट राहतो. व्यक्तीच्या निश्चयाला समूहाचा आधार देण्याचे हे तत्त्व आधुनिक स्वमदत गटांच्या तत्त्वाशी जुळणारे आहे. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनांतून दारू, कर्ज व अस्वच्छता यांवर प्रहार केले आणि पंढरपूर, नासिक, आळंदी, देहू इ. ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. अंध, पंगू व निराधारांना अन्न देत असताना धडधाकट माणसाने श्रमाची भाकरी खावी, हा त्यांचा आग्रह होता. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोड्याजवळ आनंदवन उभे केले. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांना दानाऐवजी शेती, सुतारकाम, विणकाम यांसारखे उत्पादक काम दिल्यास त्यांचे स्वत्व परत येते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. महाराष्ट्रातील नंतरच्या अनेक पुनर्वसनसंस्थांवर या विचाराचा प्रभाव दिसून येतो.

परदेशांतील दोन प्रयोग येथे उल्लेखनीय आहेत. अमेरिकेत १९३५ मध्ये ॲक्रन (ओहायओ) येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उदयास आली. नाव गुप्त राखून नियमित बैठकांत अनुभव सांगणे, ‘फक्त आजचा दिवस’ न पिण्याचा निश्चय करणे व सुधारलेल्याने नव्याचा हात धरणे, ही तिची पद्धत आहे. तिच्या बैठकांना सभासद शुल्क नसते. दुसरा प्रयोग ‘प्रथम घर’ या नावाने ओळखला जातो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात ‘आधी व्यसन सोडा, मग घर मिळेल’ ही जुनी अट काढून टाकण्यात आली. बेघरांना प्रथम कायमचे घर व नंतर स्वेच्छेने घेण्याजोगे उपचार देण्यात आले. फिनलंडने २००८ पासून हे धोरण राष्ट्रीय पातळीवर स्वीकारले व तेथील बेघरांची संख्या घटली.

कायदेविषयक तरतुदी : महाराष्ट्रात मद्यविषयक नियमन १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये होते. त्याखालील २००८ च्या आदेशानुसार गावातील वा प्रभागातील मतदार, विशेषतः स्त्रिया, ठरलेल्या प्रमाणात मागणी करून गुप्त मतदान घडवून आणू शकतात आणि विहित बहुमत मिळाल्यास परवानाप्राप्त दारूचे दुकान बंद करावे लागते. मतपत्रिकेवरील चिन्हांमुळे हे मतदान ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने सर्वत्र परिचित आहे. अंमली पदार्थांसंबंधीच्या १९८५ च्या केंद्रीय अधिनियमात कठोर शिक्षा आहेत. तथापि अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्या वा सेवन करणाऱ्या व्यसनाधीनाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. ती सर्वसामान्यांना फारशी ठाऊक नाही.

बेघरांच्या संदर्भात १९५९ चा मुंबई भिक्षाप्रतिबंध अधिनियम महत्त्वाचा ठरला. त्यान्वये भीक मागताना आढळलेल्या व्यक्तीस पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. दारिद्र्याला गुन्हा ठरविणारा अधिनियम अशी त्यावर टीका झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या [⟶ भिक्षावृत्ति]. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित स्थितींचा समावेश केला, समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आणि भटकणाऱ्या आजारी व्यक्तीस संरक्षण देऊन वैद्यकीय तपासणीसाठी नेण्याचे कर्तव्य पोलिसांवर सोपविले. या अधिनियमामुळे व्यसनमुक्ती केंद्रांनाही नोंदणीचे व रुग्णांच्या हक्कांचे नियम लागू झाले. महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले, तर केंद्र शासनाने २०२० मध्ये नशामुक्त भारत अभियान सुरू केले. शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीमुळे पुढे आले व २०१३ नंतरच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचा अंतर्भाव झाला. तथापि हे प्रमाण शहरांपुरते असल्याने तालुक्याची लहान गावे व यात्रास्थळे त्यातून वगळली गेली.

पुनर्वसनाचे टप्पे : पहिला टप्पा संपर्काचा होय. रस्त्यावरील व्यक्ती पहिल्या भेटीत क्वचितच सोबत येते. कार्यकर्त्याला अन्न, पाणी व जखमांची मलमपट्टी यांद्वारे प्रथम विश्वास संपादन करावा लागतो. दुसरा टप्पा शरीरातून मादक द्रव्याचा निचरा करण्याचा असतो. दीर्घकाळ रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास काही तासांतच हातांना कंप, घाम, निद्रानाश व अस्वस्थता जाणवू लागते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचा आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तीव्र भ्रमावस्था उद्भवण्याचा संभव असतो. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. म्हणून अशा व्यक्तीस खोलीत कोंडून वा बांधून ठेवून दारू सोडविण्याचा घरगुती उपाय अत्यंत धोक्याचा आहे. वैद्यकीय देखरेखीखाली शामक औषधे व ब१ जीवनसत्त्व (थायामीन) दिल्यास धोका पुष्कळच कमी होतो. गर्द (ब्राउन शुगर) व तत्सम अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत वेदना व तळमळ तीव्र असते. तेथे ब्यूप्रेनॉर्फीनसारखी पर्यायी औषधे दीर्घकाळ देणे उपयुक्त ठरते. दारू सोडविण्यासाठी रुग्णाच्या नकळत अन्नात औषध मिसळण्याची प्रथाही घातक होय. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना मद्य घेतल्यास गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते.

तिसऱ्या टप्प्यात समुपदेशन, गटचर्चा, व्यायाम, श्रम व नियमित दिनचर्या यांवर भर असतो. चौथा टप्पा परतीचा व पाठपुराव्याचा असून तो सर्वांत दीर्घ व सर्वांत दुर्लक्षित आहे. उपचारांनंतर व्यक्ती पुन्हा व्यसनाकडे घसरणे, हे रक्तदाब वा मधुमेह बळावण्यासारखेच दीर्घकालीन आजाराचे लक्षण मानले जाते. त्यास अनीती वा कृतघ्नता समजून दार बंद केल्यास पूर्वीचे सर्व उपचार वाया जातात. घरी परतलेल्या माणसाच्या हाती काम नसेल, जुन्या देणेकऱ्यांचा तगादा सुरू असेल व सायंकाळी बसण्यास गुत्त्याखेरीज जागा नसेल, तर केवळ मनोनिग्रहावर तो फार काळ टिकू शकत नाही.

महाराष्ट्रातील प्रमुख कार्य : मुंबईत १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन करून स्वमदत गटांच्या पद्धतीला योगासनांची जोड दिली. १९८० नंतर मुंबई-पुण्यात गर्दचे व्यसन झपाट्याने पसरले. त्यावरील अनिल अवचट यांच्या लेखनाने महाराष्ट्राचे लक्ष वेधले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या परिसरात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट (मृत्यू १९९७) या त्याच्या प्रमुख शिल्पकार होत. येथील निवासी उपचारांचा काळ सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांचा असतो. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींनाच समुपदेशक म्हणून तयार करणे, पत्नी व कुटुंबीयांसाठी स्वतंत्र गट चालविणे व निरनिराळ्या गावी पाठपुराव्याच्या बैठका घेणे, ही या केंद्राची वैशिष्ट्ये आहेत.

रस्त्यावरील मनोरुग्णांसाठी डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ची स्थापना केली. कर्जत (जि. रायगड) येथील त्यांच्या केंद्रात उपचार झाल्यावर कार्यकर्ते रुग्णास त्याच्या मूळ गावी, प्रसंगी देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, पोहोचवितात. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे यांची ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ ही संस्था बेघर, मनोरुग्ण स्त्रियांना आजीव आश्रय देते. गडचिरोली जिल्ह्यात जनआंदोलनामुळे १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. तेथे २०१६ पासून ‘सर्च’ ही संस्था व शासन यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम राबविला गेला. गावसंघटना, जनजागृती, बेकायदा विक्रीस प्रतिबंध व व्यसनींवर उपचार या चार बाजू एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होय.

बीड जिल्हा : बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या जिल्ह्यात अकरा तालुके असून २०११ मध्ये त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. पर्जन्य अनिश्चित व जमीन अनेक ठिकाणी हलकी असल्याने १९७२, २०१२-१३ व २०१५-१६ यांसारख्या दुष्काळांचा तडाखा त्यास तीव्रतेने बसला. परिणामी ऊसतोडणीसाठी मजूर पुरविणारा जिल्हा अशी त्याची ओळख झाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास लक्षावधी मजूर पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व पाडव्याच्या आगेमागे परततात. पति-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून प्रत्येक कोयत्यास ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम मिळते व ती तोडणीच्या मजुरीतून फिटते. हंगामात ही कुटुंबे कारखान्याच्या तळावर वा फडाजवळ पाचट, बांबू व ताडपत्रीच्या ‘कोपी’त राहतात. त्यांना गावी घर असल्याने ती बेघर गणली जात नाहीत. तथापि वर्षातील पाच-सहा महिने पक्का निवारा, स्वच्छतागृह, शिधापत्रिकेवरील धान्य व ओळखीचा दवाखाना यांपासून ती वंचित राहतात.

या जीवनक्रमाचा व्यसनाशी दुहेरी संबंध आहे. पहाटे तीन-चार वाजता सुरू होणारे काम, रात्री-अपरात्री वाहन भरण्याची सक्ती व अंगदुखी यांवर उतारा म्हणून पुरुष दारूकडे वळतो. काम चुकल्यास ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात; त्यामुळे एकाच्या व्यसनाचा भार जोडीतील दुसऱ्यावर, म्हणजे पत्नीवर, पडतो व न फिटलेली उचल पुढील हंगामावर चढते. उचल पावसाळ्यात हाती पडते आणि त्याच काळात शेतीचे काम अनिश्चित असते. हातात एकरकमी पैसा व रिकामा वेळ यांचा हा काळ व्यसनाच्या दृष्टीने विशेष धोक्याचा असतो. नवऱ्याने टाकलेल्या वा विधवा झालेल्या स्त्रीस जोडीदाराअभावी कोयता म्हणून उचल मिळणे कठीण जाते. अशा रीतीने एका व्यक्तीच्या व्यसनापायी दुसरी व्यक्ती उपजीविका व निवारा या दोन्हींना मुकते.

जिल्ह्यातील पुनर्वसनकार्य एकाच मोठ्या केंद्राभोवती उभे न राहता निरनिराळ्या संस्थांनी एकेका बाजूस हात घालून वाढविले आहे. अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ (मराठवाडा नवनिर्माण लोकायत) ही संस्था स्थापन केली. मृद्-जलसंधारण व कोरडवाहू शेतीची सुधारणा यांद्वारे गावातच रोजगार निर्माण करणे, हा तिच्या कार्याचा गाभा होय. स्थलांतराची सक्ती कमी करणे हा बेघरपणावरील प्रतिबंधक उपाय मानल्यास या कार्याचे येथील महत्त्व लक्षात येते. लेखिका शैला लोहिया यांनी त्याच दशकात सुरू केलेल्या ‘मनस्विनी’ प्रकल्पाने परित्यक्ता व पीडित स्त्रियांना तात्पुरता निवारा, समुपदेशन, कायद्याची मदत व व्यवसायशिक्षण देण्याचे कार्य हाती घेतले. व्यसनी पतीच्या जाचामुळे घर सोडावे लागलेली स्त्री ही व्यसनाधीनतेमुळे बेघर झालेली व्यक्तीच असते. परंतु व्यसनमुक्तीच्या हिशेबात तिची नोंद बहुधा होत नाही.

पुढच्या पिढीचा प्रश्न हाताळणाऱ्या संस्थांत आर्वी (ता. शिरूर कासार) येथील ‘शांतिवन’ ही उल्लेखनीय आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने ऊसतोड मजुरांच्या व निराधारांच्या मुलांसाठी निवासी शिक्षणाची सोय केली. गेवराई येथील ‘बालग्राम’ अनाथ व वंचित मुलांचा सांभाळ करते, तर बीडजवळील पाली येथील ‘इन्फंट इंडिया’ एचआयव्ही-बाधित निराधार मुलांना आश्रय देते. शासनाने स्थलांतराच्या काळात मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना राबविली. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना सुरू झाली. आई-वडिलांच्या व्यसनामुळे विस्कटलेल्या घरातील मूल शाळेत टिकणे, हे तेच दुष्टचक्र पुढील पिढीत खंडित करण्याचे प्रभावी साधन होय.

वैद्यकीय बाजूस अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय ही प्रमुख केंद्रे होत. राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकरी-आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात बीडचा समावेश होता. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन नैराश्य व व्यसनाची लक्षणे असलेल्या व्यक्ती शोधाव्यात व त्यांना उपचारांकडे वळवावे, अशी त्याची योजना होती. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ (१४४१६) या दूरध्वनी सेवेद्वारे मराठीतही विनामूल्य समुपदेशन उपलब्ध झाले. स्थलांतरित मजुरास तळावरूनही तिचा उपयोग करता येण्याजोगा आहे.

रस्त्यावरील निराधार व्यक्ती जिल्ह्यात बसस्थानके, परळीचे रेल्वे स्थानक आणि परळी वैजनाथ व अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या देवस्थानांच्या परिसरात आढळतात. देवस्थानच्या अन्नदानामुळे त्यांची भूक भागते. परंतु त्यांना नावानिशी ओळखणारी, आजारपणात रुग्णालयात नेणारी व शक्य तेव्हा घरचा पत्ता शोधणारी व्यवस्था सर्वत्र नसते. १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ मिळण्यास रहिवासाचा पुरावा लागतो. ज्यास रहिवासच नाही, त्याची यामुळे कुचंबणा होते. म्हणून आधारपत्र, बँकखाते व शिधापत्रिका मिळवून देणे, हे वरकरणी किरकोळ वाटणारे काम पुनर्वसनाची पहिली पायरी ठरते.

समस्या व मूल्यमापन : बीडसारख्या जिल्ह्यातील मुख्य अडचण पाठपुराव्याची आहे. निवासी उपचारांची रचना सलग पाच-सहा आठवडे उपस्थिती व पुढे वर्षभर नियमित भेटी यांवर आधारलेली असते. ऊसतोडणीच्या हंगामात एवढी रजा घेणे मजुराला परवडत नाही. जून ते सप्टेंबर या काळात उपचार घेतलेला मजूर दिवाळीपूर्वी गाव सोडतो आणि सर्वांत नाजूक काळात नव्या परिसरात, जुन्याच टोळीसोबत, पाठपुराव्याविना राहतो. यावर उपचारांचे वेळापत्रक स्थलांतराच्या चक्राशी जुळविणे, गावाकडील नोंदपत्र साखर कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राकडे पाठविणे, टोळीतील एखाद्या व्यसनमुक्त व्यक्तीस सोबती म्हणून तयार करणे व तळावरच आठवड्याच्या बैठका भरविणे, हे उपाय संभवतात. यासाठी स्वतंत्र इमारतीची गरज नसून दोन जिल्ह्यांतील यंत्रणांच्या समन्वयाची गरज आहे.

दुसरी अडचण लोकलज्जेची होय. गावात काहीच गुप्त राहत नसल्याने नाव न सांगता चालणाऱ्या शहरी बैठकांची पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. मात्र तोच परिचय आधारही बनू शकतो. भजनी मंडळ, महिला बचत गट, ग्रामसभा व शाळा यांनी परतलेल्या व्यक्तीस काम व जबाबदारी दिल्यास तिच्यावर मायेची नजर राहते. स्त्रियांच्या पुढाकाराने गावातील दारूविक्री बंद झाली, तरी व्यसनींच्या उपचारांची सोय त्याच वेळी न केल्यास ते शेजारच्या गावी वा विषारी हातभट्टीकडे वळतात. म्हणून बंदी व उपचार यांची सांगड घालणे आवश्यक असते. तिसरी अडचण नोंदणी नसलेल्या केंद्रांची होय. मारहाण, साखळदंड वा सक्तीची कोंडी करणारी केंद्रे कायद्याने निषिद्ध असून त्यांमुळे खऱ्या उपचारांवरील विश्वासही उडतो. स्त्री व्यसनाधीनांसाठीच्या सोयी सर्वत्रच अपुऱ्या आहेत. तंबाखू व मिश्री यांची गणना लोक व्यसनात करीतच नसल्याने त्यांवरील उपचार मागे पडतात.

पुनर्वसनाचे मूल्यमापन बहुधा दाखल रुग्णांच्या संख्येवर वा काही महिने दारू न घेतलेल्यांच्या प्रमाणावर केले जाते. ही मापे अपुरी आहेत. व्यक्तीस राहण्यास निश्चित जागा मिळाली का, मजुरी तिच्या वा कुटुंबाच्या हाती पडते का, मुले शाळेत जातात का, पत्नी निर्धास्तपणे घरी राहू शकते का आणि पुन्हा घसरल्यास ती व्यक्ती लाज न बाळगता केंद्राकडे परत येते का, या प्रश्नांची उत्तरे अधिक खरी माहिती देतात. बीड जिल्ह्यातील अनुभवावरून असे दिसते, की जलसंधारणाचे काम, मुलांचे वसतिगृह, परित्यक्तांचा निवारा व मानसोपचारांचे बाह्यरुग्ण केंद्र ही वरकरणी भिन्न वाटणारी कार्ये वस्तुतः एकाच पुनर्वसनाचे घटक आहेत. त्यांत परस्परसंपर्क राहिला, तर उपचार घेऊन गावी परतणाऱ्या माणसास पूर्वीच्या वाटेखेरीज दुसरी वाट उपलब्ध होऊ शकते.